खाल्लेल्या पानांची बाग

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, मी कवितेचा माणूस. मराठी विषय घेऊन बी.ए. झालो, पोटासाठी कारकुनी केली आणि उरलेल्या वेळात कविता लिहिल्या. झाडांविषयी बोलण्याचा अधिकार मला कोणत्याही विद्यापीठानं दिलेला नाही. शिवाय माझी बाग पाहायला येणाऱ्यांची बहुधा निराशाच होते. पानांना भोकं पडलेली, कडा कुरतडलेल्या, कोपऱ्यात पाचोळा साठलेला. एक पाहुणे तर परवा काळजीनं म्हणाले, "तब्येत बरी आहे ना? बागेकडं लक्ष दिसत नाही." लक्ष आहे. पूर्वी होतं त्याहून जास्त आहे. ते कसं, हेच आज सांगायचं आहे.

२०११ साली साताऱ्यात गावाबाहेरच्या एका वसाहतीत आम्ही घर बांधलं. पुढं गुंठाभर मोकळी जागा राहिली. आयुष्य जुन्या पेठेतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत गेलेलं, त्यामुळं बागेची हौस दांडगी. एका नर्सरीवाल्याला बोलावलं. त्यानं टेम्पोभर रोपं आणली. अरेका पाम, ड्रेसिना, लाल-पिवळे क्रोटन, कुंपणाला अकॅलिफा आणि मधोमध लॉनचे चौकोनी तुकडे. आठवड्यात बाग तयार. जाताना तो म्हणाला, "साहेब, यातल्या एकाही झाडाला कीड लागायची नाही. गॅरंटी." त्याची गॅरंटी खरी ठरली. चार वर्षं एकाही पानाला भोक पडलं नाही.

सकाळी चहाचा कप घेऊन मी बाहेर बसायचो. कविता सुचेल, अशी एक आशा. बाग हिरवीगार, नीटनेटकी, एखाद्या कॅलेंडरवर छापल्यासारखी. मग २०१५ साली अम्मा गावाहून आमच्याकडं राहायला आली. तिची नजर अधू झाली होती. बरंचसं ती कानानं ओळखायची. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या शेजारी खुर्चीत बसली होती. बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "इत्ते झाडां हैं, आवाज कायकू नइं आता?"

एवढी झाडं आहेत, मग आवाज का येत नाही? मी कान देऊन ऐकलं. रस्त्यावरच्या मोटारसायकली ऐकू येत होत्या. लांबून कावळा ओरडत होता. माझ्या बागेतून मात्र काहीही नाही. ना शिंप्याची टिवटिव, ना बुलबुलाची शीळ, ना भुंग्याची गुणगुण. कवी म्हणवणाऱ्या माणसाला चार वर्षांत जे ऐकू आलं नाही, ते तिला तीन दिवसांत ऐकू आलं.

अम्माला अंगणात एक कढीपत्त्याचं झाड हवं होतं. गावी आमच्या परसात होतं तसं. लावलं. दुसऱ्या पावसाळ्यात त्याच्या कोवळ्या पानांवर पक्ष्यांची शीट पडल्यासारखे ठिपके दिसले. मी पाण्यानं धुवायला गेलो, तर ठिपके हलले. अळ्या! बागेतली पहिलीच कीड. मी बाटली घेऊन फवारायला निघालो, तेवढ्यात माझ्या धाकट्या मुलीनं हात धरला. ती तेव्हा बी.एस्सी.ला होती. म्हणाली, "अब्बा, ही कॉमन मॉरमॉनची पिल्लं आहेत. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून शिटेचं सोंग घेतात." आतून अम्मानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, कढीपत्ता खाताहेत. तिचं उत्तर ठरलेलं होतं. लहानपणी अब्बा चुलीतली राख घेऊन झाडाकडं निघाले की ती हेच म्हणायची. "खाने दे रे, उनका बी पेट है."

मग आम्ही घरातल्या सगळ्यांनी महिनाभर त्या अळ्यांची चाकरी केली. त्या वाढल्या, कात टाकत गेल्या आणि शेवटी शिटेचं सोंग टाकून पानासारख्या हिरव्यागार झाल्या. बोट लावलं की डोक्यामागून लालसर दुहेरी शिंग बाहेर काढायच्या आणि उग्र वास सोडायच्या. पाच होत्या. दोन बुलबुलानं नेल्या, एक कशानं तरी मेली, दोघींचे कोष झाले. एका सकाळी कोष फुटून काळं, पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असलेलं फुलपाखरू बाहेर आलं आणि पंख वाळवत तासभर तिथंच लटकून राहिलं. अम्माला दिसत नव्हतं. मुलगी तिला सांगत होती आणि ती ऐकत होती. पत्नीनं मात्र फोडणीला पानं उरली नाहीत म्हणून तक्रार केली. ती रास्त होती. तेव्हापासून आमच्याकडं कढीपत्त्याची दोन झाडं आहेत. एक फोडणीचं, एक अळ्यांचं.

इथं मला एक गोष्ट कळली. वयाच्या पंचेचाळिशीनंतर कळली याची लाज वाटते, पण सांगतो. फुलपाखरू बागेत आलं म्हणजे बाग त्याची झाली, असं आपण समजतो. पण फुलातला मध प्यायला ते कुठंही जातं. घाणेरीच्या फुलांवर जातं, झेंडूवर जातं, परदेशी शोभेच्या फुलांवरही जातं. ती झाली खानावळ. बाळंतपणाला मात्र ते माहेरीच जातं. मॉरमॉनची मादी कढीपत्त्यावर आणि लिंबावर अंडी घालते, कारण तिच्या अळीला तेवढंच पचतं. आपली राज्य पाकोळी ब्लू मॉरमॉन, म्हणजेच राणी पाकोळी, हीसुद्धा लिंबाच्याच कुळातली. महाराष्ट्रानं २०१५ साली तिला राज्य फुलपाखराचा मान दिला. मान दिला ते चांगलंच झालं, पण तिला हवं असतं ते लिंबाचं कोवळं पान, आणि आपण लिंबावर फवारणी करतो. माझ्या बागेत खानावळीही नव्हत्या, पण समजा दहा असत्या, तरी माहेर एकही नव्हतं.

यामागचं कारण मुलीनं मला समजावलं, ते माझ्या शब्दांत सांगतो. झाड आपल्या पानांत निरनिराळी विषं तयार करतं. कुणी खाऊ नये म्हणून. ज्या किड्याचे पूर्वज त्या झाडाशेजारी लक्षावधी वर्षं राहिले, तो ते विष पचवायला शिकतो. इतरांना ते जमत नाही. म्हणून बहुतेक अळ्यांचा आहार अगदी ठरलेला. दुसऱ्या खंडातून आलेलं झाड इथल्या अळ्यांना बहुधा परक्या भाषेतल्या पुस्तकासारखं. समोर आहे, उघडता येत नाही. आणि अळी नाही तर पाखरूही नाही. चिमणी दाणे टिपते हे खरं, पण पिल्लांना ती अळ्या भरवते. मध पिणारा शिंजीरसुद्धा पिल्लांच्या चोचीत किडे आणि कोळीच घालतो. नर्सरीवाल्याच्या गॅरंटीत काय काय येत होतं, ते मला तेव्हा उमगलं.

मग एकेक क्रोटन निघाला. लॉन गेलं. पाण्याचं बिलही कमी झालं, हे पत्नीला पटलेलं एकमेव शास्त्रीय कारण. कुंपणाला अडुळसा, निर्गुडी आणि कोरांटी लावली. दारात बहावा. मागच्या बाजूला उंबर आपोआप उगवला होता. पूर्वी दोनदा उपटला होता, तिसऱ्यांदा राहू दिला. भिंतीपासून लांब होता म्हणून बरं. भिंतीत उगवलेला उंबर ठेवा असं मी कुणाला सांगणार नाही. रुई मात्र मी मुद्दाम लावली, आणि रुईनंच वसाहतीत खळबळ उडवली.

रुई म्हणजे उकिरड्यावरचं झाड. ते कुणी अंगणात लावतं? शेजारी म्हणाले, चीक डोळ्यांत जाईल, पोरं आंधळी होतील. चीक विषारी आहेच, काळजी घ्यायलाच हवी. पण त्या विषातच गंमत आहे. प्लेन टायगर नावाचं नारिंगी फुलपाखरू रुईवर अंडी घालतं. काळ्या, पांढऱ्या आणि पिवळ्या पट्ट्यांची त्याची अळी तो चीक पचवते आणि त्यातलं विष अंगात साठवून ठेवते. पुढं फुलपाखरू झालं तरी ते कडूपण राहतं. एकदा चाखलेला पक्षी पुन्हा वाटेला जात नाही. डॅनाइड एगफ्लाय नावाच्या दुसऱ्या एका फुलपाखराची मादी तर रंगरूपानं थेट प्लेन टायगरची नक्कल करते. स्वतः कडू नाही, पण वेश कडू माणसाचा. अशी माणसं साहित्यातही भेटतात, पण तो आजचा विषय नाही.

एका शुक्रवारी संध्याकाळी समोरच्या काकू आल्या. जरा संकोचून म्हणाल्या, "उद्या शनिवार. मारुतीला रुईच्या पानांची माळ करते मी. पूर्वी ओढ्याकाठी मिळायची, आता तिथं प्लॉट पडलेत. तुमच्याकडची घेतली तर चालतील का?" मी म्हटलं, "काकू, झाड विचारून थोडंच उगवतं? घ्या की." त्यांनी घेतली आणि झाडाचा खराटा झाला. रविवारी मी पाहिलं तर अळ्या उघड्या देठांवर फिरत होत्या. काय करावं कळेना. काकूंना सांगायचं कसं? मारुतीच्या माळेत मी खोडा घालतोय, असं कुणाला वाटलं तर? एरवी मनात येत नाहीत असे विचार अशा वेळी येतात. शेवटी मुलगी गेली. काकूंना हात धरून घेऊन आली. पान उलटून मागचं मोत्यासारखं पांढरट अंडं दाखवलं, अळी दाखवली, पानाखाली लटकलेला कोष दाखवला. काकू चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहत राहिल्या. म्हणाल्या, "इतकी वर्षं मी हे वाहत होते की काय!" आता त्या शनिवारी पहाटे येतात, प्रत्येक पान उलटून बघतात आणि रिकामीच पानं घेतात. माळ थोडी आखूड होते. मारुतीची तक्रार आलेली नाही.

बांडगुळाचंही तसंच. आपल्याकडं बांडगूळ हा शिवीचा शब्द. दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्याला वापरायचा. राजकारणातल्या भाषणांत तो कुणाकुणाला उद्देशून येतो, हे तुम्हीही ऐकलं असेल. पण फुलटोच्या नावाचा बोटभर पक्षी बांडगुळाची फळं खाऊन जगतो आणि तोच बी झाडाझाडावर पोचवतो. कॉमन जेझबेल नावाचं फुलपाखरू, ज्याच्या पंखाच्या खालच्या बाजूला पिवळ्या आणि लाल रंगांची नक्षी असते, ते बांडगुळावरच अंडी घालतं. शेजारच्या आंब्यावर बांडगूळ आहे. मालक ते छाटतात, त्यांचंही बरोबर आहे, आंबा कमी लागतो. मी एवढंच सांगितलं, एक फांदी ठेवा. ती त्यांनी ठेवली आहे.

आता जरा माझ्या जातीविषयी, म्हणजे कवींच्या जातीविषयी. आमच्या साताऱ्यात १ मे रोजी गुलमोहर दिन साजरा होतो. मीही त्या फुललेल्या झाडाखाली उभं राहून कविता वाचल्या आहेत. माझ्या पहिल्या संग्रहात गुलमोहर इतक्या वेळा येतो, की नंतर मोजायचं धाडस झालं नाही. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. बोगनवेल दक्षिण अमेरिकेची, निशिगंध मेक्सिकोचा. त्यांच्यावर माझा राग नाही, मे महिन्यात गुलमोहर पाहून आजही पाय थांबतात. खंत वेगळीच आहे. गुलमोहराच्या आधी दोन महिने आमच्या माळावर पळस पेटतो. काटेसावर फुलते तेव्हा तिच्यावर मैना, साळुंक्या, बुलबुल, कावळे, खारी यांची जत्रा भरते, लग्नाच्या मांडवात नसेल इतकी दंगल. त्यावर माझी एकही ओळ नव्हती. मी झाडांकडं फक्त रंग म्हणून पाहिलं, घर म्हणून पाहिलंच नाही.

श्रोते पत्रांतून विचारतात म्हणून थोडं कामाचं सांगतो. मुंबई-पुण्यात ज्यांच्याकडं फक्त गॅलरी आहे, त्यांनी एका कुंडीत कढीपत्ता आणि एका कुंडीत कागदी लिंबू लावावं. चौथ्या मजल्यापर्यंत फुलपाखरं शोधत येतात, हा माझ्या भाचीच्या घरचा अनुभव. जागा असेल तर बहावा लावा, पण बी टणक असतं. दगडावर घासून किंवा गरम पाण्यात भिजवून पेरावं लागतं. पळसाचं बी ताजंच पेरायचं. पाचोळा जाळू नका. त्यात सापसुरळ्या, बेडूक आणि कितीतरी कोष असतात. वाळकं लाकूड एका कोपऱ्यात राहू द्या, त्यात काळे भुंगे घर कोरतात. आणि कृपा करून कासच्या पठारावरची रोपं उपटून आणू नका. ती तिथल्या जांभ्या दगडावरच्या बोटभर मातीत जगतात, आपल्या कुंडीत आठवडाभरात मरतात.

आणखी एक. देशी म्हणजे देशात कुठंही उगवणारं, असंही समजू नये. आमचा एकच जिल्हा घ्या. महाबळेश्वरात वर्षाला सुमारे ६००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात ५००च्या आसपास. महाबळेश्वरची अंजनी माणच्या माळावर जगायची नाही. तिथं हिवर, बाभूळ, बोर आणि तरवडच हवा. झाड निवडताना पुस्तकाआधी गावातल्या मेंढपाळाला विचारावं.

माझं मूळ गाव या कोरड्या पट्ट्यातलंच. तिथल्या कब्रस्तानात अब्बा आहेत. २००९ साली ते गेले. तेव्हा तो कोपरा तरवड, रुई आणि बोरीच्या जाळ्यांनी भरलेला होता. मय्यत नेताना लोकांचे कपडे काट्यांत अडकले, ते मला लागलं. पुढच्या शब-ए-बरातच्या आधी मी स्वतः मजूर लावून तो सगळा कोपरा साफ केला. तरवड मुळासकट काढला. पुन्हा उगवू नये म्हणून सलग दोन वर्षं तणनाशक मारलं. खर्च माझा, कल्पनाही माझी. सगळ्यांनी कौतुक केलं, मुलगा असावा तर असा. दरवर्षी जायचो, फातिहा पढायचो, स्वच्छ कोपरा पाहून समाधानानं परत यायचो. अम्मानं माझ्या बागेत तो प्रश्न विचारल्यानंतरच्या वर्षी मी तिथं गेलो, आणि पहिल्यांदाच कान दिला. बाकीच्या कब्रस्तानात होले घुमत होते, सातभाईंचं भांडण चाललं होतं, कबरींवरच्या सब्जाच्या तुऱ्यांवर फुलोरी मधमाश्या होत्या. फक्त अब्बांच्या कोपऱ्यात शांतता. ती शांतता मी पैसे देऊन विकत घेतली होती. हे मी आजपर्यंत घरात कुणाला बोललो नव्हतो, अम्मालाही नाही. ती २०१९ मध्ये गेली.

२०२४च्या मे महिन्यात गावाहून फोन आला. कब्रस्तानात पन्नास झाडं लावायचं ठरलं होतं, कुणीतरी कोनोकार्पसची रोपं फुकट देणार होतं. मी बैठकीला गेलो. सांगितलं, हे झाड भराभर वाढतं आणि बारमाही हिरवं दिसतं हे खरं, पण ते इथलं नाही. त्याच्या परागांचा लोकांना त्रास होतो, मुळं पाण्याच्या नळांत शिरतात, म्हणून गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आपण आपल्या मातीतली देशी झाडं लावू. सगळे ऐकत होते. मग आमचे एक चाचा, वय ऐंशीच्या पुढं, काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, "बाळ, तू कुठला, आम्ही कुठले, हे लोक आपल्याला विचारतात. आता तू झाडालाही विचारायला लागलास?"

बैठकीत कुणी हसलं नाही. मलाही उत्तर सुचलं नाही. रात्रभर झोप लागली नाही. कारण चाचांच्या बोलण्यात नुसती कुरापत नव्हती. 'बाहेरचं', 'परकं', 'घुसखोर' हे शब्द झाडांच्या पुस्तकांतही वाचताना माझ्या कानाला खुपतातच. मराठीत लिहायला लागलो तेव्हा, तुम्ही मराठीत कसे काय, असं मला कौतुकानं विचारणारे खूप भेटले. कौतुकानंच विचारायचे, पण विचारायचे.

सकाळी फजरनंतर कब्रस्तानात गेलो. दारातच जुनी चिंच आहे. चार माणसांच्या कवेत मावणार नाही एवढी. तिच्या खाली उभा राहिलो आणि चिंचच उत्तर सांगायला लागली. चिंच मूळची आफ्रिकेची. फार प्राचीन काळी इथं आली. इतकी रुळली, की अरबांनी तिला हिंदचा खजूर म्हटलं, तमर-ए-हिंद, आणि त्यावरूनच युरोपातल्या भाषांनी तिचं नाव घेतलं. आज चिंचेच्या पानांवर ब्लॅक राजा फुलपाखराच्या अळ्या वाढतात, तिच्या ढोलीत पोपट राहतात, पोरं तिला दगड मारतात. माझ्या घरच्या कुंडीतली पानफुटीही तशीच. मूळची मादागास्करची, गुलमोहराच्याच गावची. पण तिची नात्यातली झाडं इथं आधीपासून होती, आणि त्यांच्यावर जगणाऱ्या रेड पिएरो या इवल्याशा फुलपाखरानं तिलाही आपलं मानलं. त्याची अळी तिच्या जाड पानात बोगदा करून राहते. म्हणजे कुठून आलं हा प्रश्नच मी चुकीचा विचारत होतो. इथं आल्यावर कुणाला पोसतं, एवढंच विचारायला हवं होतं.

दुपारी चाचांच्या घरी गेलो. चिंचेची गोष्ट सांगितली. ते काही बोलले नाहीत. मग मी त्यांनीच मला मदरशात शिकवलेली गोष्ट काढली. माणसानं झाड लावलं आणि त्याचं माणसानं, पाखरानं किंवा जनावरानं खाल्लं, तर ते लावणाऱ्याच्या नावे सदका होतं. चाचांचे डोळे मिचमिचले. म्हणाले, "त्यात पाखरू आहे. अळी नाही."

मी म्हटलं, "पाखराच्या पिल्लाला अळीच लागते, चाचा."

त्यावर ते बराच वेळ हसले. पण निर्णय त्यांनी दिला तो व्यवहारी होता. पन्नासांपैकी वीस झाडं माझ्या सांगण्यानं लावायची, बाकीच्यांचं समिती ठरवील. समितीनं लिंबोण्या आणि नारळ लावले. लिंबोण्या लिंबाच्या कुळातल्या, त्यांचं मला काही वाईट वाटलं नाही. नारळ पहिल्याच उन्हाळ्यात गेले. माझ्या वाट्याच्या वीसमध्ये करंज, हिवर, बोर, आपटा आणि चार बहावे. त्यांतला एक बहावा अब्बांच्या कोपऱ्यात, कबरीपासून दहा पावलांवर. भोवती तरवडाचं बी मी स्वतः टाकलं. तणनाशकाला इतकी वर्षं झाली तरी त्या जागी काही उगवेल याची खात्री नव्हती. पहिल्या पावसाळ्यात एकही रोप दिसलं नाही. दुसऱ्यात सात दिसली.

त्याच दुसऱ्या पावसाळ्यात, श्रावणात, एका सकाळी चाचांच्या नातवाच्या मोबाइलवरून फोन आला. चाचा स्वतः बोलत होते, आणि फोन दूर धरल्यासारखे ओरडत होते. "अरे, तुझ्या अब्बांजवळच्या बहाव्यावर एक पान शिल्लक नाही. हिरव्या अळ्यांनी पार बोडका केलाय. वर पिवळ्या पाकोळ्या घिरट्या घालताहेत. नातू म्हणतो, औषध मारू. काय करू?"

बहाव्यावर अशा हिरव्या अळ्या म्हणजे बहुधा एमिग्रंट. झाड मरत नाही, पंधरा-वीस दिवसांत नवी पालवी फुटते. हे सगळं फोनवर सांगत बसण्यात अर्थ नव्हता. चाचांना ऐकू कमी येतं.

मी म्हटलं, "काही मारू नका. मी येतोय." आणि दहाची एसटी धरली.